भाडे महिन्याचे की रात्रीचे? घरभाड्यावरील कराविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या रूपांत डोकावते आहे. दुसरे घर घ्यायचे ठरले आहे, पैशांची जुळवाजुळवही झाली आहे, पण ते घर वर्षभरासाठी भाडेकरूला द्यावे की पर्यटकांना दोन-चार रात्रींसाठी द्यावे, आणि कराच्या दृष्टीने त्यात काय फरक पडतो? त्यांतली काही पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे. आकडेमोड आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेत असून कलमांचे क्रमांक बदलत आहेत. घरभाड्याच्या आकारणीची चौकट मात्र तीच राहते. बहुतेकांना जुनेच क्रमांक परिचयाचे असल्याने, जेथे कलम सांगावे लागले तेथे जुना क्रमांक दिला आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि दोघांचेही उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. सुमारे ८० लाखांत गुंतवणुकीसाठी घर घ्यायचे आहे. वाकडला घेतले तर महिना २५ हजार भाडे येईल. गोव्यात शिवोलीजवळ घेतले तर पर्यटकांना रात्रीला साडेचार हजाराने वर्षातून १४० रात्री सहज जातील, असे एजंट सांगतो. म्हणजे उत्पन्न दुपटीहून अधिक. कर भरल्यावरही ते दुप्पटच राहील का? (एक दांपत्य, कोथरूड, पुणे)

उत्तर : एजंटाने सांगितलेला आकडा तसाच खरा मानून चालू, कारण तो खरा मानला तरी उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे निघते. कर्ज तूर्त बाजूला ठेवा.

वाकडच्या घराचे वर्षाचे भाडे ३ लाख. त्यातून आपण त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते. ती १८ हजार धरली तर २,८२,००० उरतात. या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ८४,६००, ही कायद्याने दिलेली सरसकट वजावट. रंग काढला काय किंवा न काढला काय, ती कमी-जास्त होत नाही आणि तिच्यासाठी एकही पावती ठेवावी लागत नाही. करपात्र उरले १,९७,४००. त्यावर उपकरासह ३१.२ टक्के कर सुमारे ६१,६०० होतो. सोसायटीच्या देखभालीचे ३६ हजार धरले तर घरपट्टी, देखभाल आणि कर जाऊन हातात सुमारे १,८४,००० राहतात.

आता गोवा. १४० रात्रींचे ६,३०,००० होतात. बुकिंगच्या संकेतस्थळाचे कमिशन १५ टक्के धरले तर ९४,५००, केअरटेकरचा पगार १,४४,०००, वीज, इंटरनेट आणि सोसायटीची देखभाल ६६ हजार, चादरी-टॉवेलांची धुलाई, साबण आणि किरकोळ दुरुस्ती ६० हजार, घरपट्टी ४ हजार. हे सगळे जाऊन हातात २,६१,५०० येतात. कर मात्र या रकमेवर लागतोच असे नाही. हे उत्पन्न ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली गेले, तर घरपट्टी आणि ३० टक्के यांपलीकडे कमिशन नाही, केअरटेकर नाही, धोबी नाही, काहीच वजा होत नाही. करपात्र रक्कम ४,३८,२०० होते, कर सुमारे १,३६,७०० आणि हातात उरतात जेमतेम १,२४,८००. वाकडच्या निम्म्या भाड्याने त्याहून ५९ हजार जास्त दिले! ३० टक्क्यांची सरसकट वजावट महिन्याच्या भाड्याला उदार आहे, कारण तिथे खरा खर्च त्याहून बराच कमी असतो. रात्रीच्या भाड्याला ती अपुरी पडते, कारण तिथे खर्च निम्म्याच्या वर जातो.

मग हेच उत्पन्न ‘व्यवसायाचे उत्पन्न’ म्हणून दाखवले तर? तेव्हा सगळा खर्च वजा होतो, कर सुमारे ८१,६०० इतका येतो आणि हातात १,७९,९०० राहतात, म्हणजे जवळजवळ वाकडइतकेच. वर घसारा, म्हणजे इमारतीच्या झिजेपोटी दरसाल धरली जाणारी वजावट, मिळतो तो वेगळा. साहजिकच प्रत्येकाला हा मार्ग हवासा वाटतो. पण शीर्ष कोणते हे आपल्या सोयीवर ठरत नाही. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने स्पष्टच सांगितले आहे की, मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते उत्पन्न व्यवसायाचे धरता येणार नाही, ते घरमालमत्तेचेच धरावे लागेल. त्याआधी अनेक घरमालक महिन्याचे साधे भाडेसुद्धा व्यवसाय म्हणून दाखवून त्यातून रंगकाम, मोटारीचा घसारा, फोनचे बिल असे काय काय वजा करत होते; ती वाट बंद करण्यासाठी ही दुरुस्ती आली.

तेव्हा खरा मुद्दा हा की, पर्यटकाला आपण घर भाड्याने देतो की पाहुणचार विकतो. दारावर आकडी कुलूप आहे, पाहुण्याला फोनवर क्रमांक कळवला जातो, तो आपला आपण येतो आणि जातो, त्याच्या मागे खोली झाडून घेतली जाते, एवढाच व्यवहार असेल तर माझ्या मते ते घर भाड्याने देणेच आहे, रात्रीचे असले तरी. उलट सकाळचा नाश्ता, रोजची साफसफाई, चादरी बदलणे, पाहुण्यांची नोंदवही, हाकेला माणूस, पर्यटन खात्याकडे नोंदणी असे सगळे असेल, तर जागा हा त्या सेवेचा केवळ एक भाग ठरतो आणि व्यवसायाचे शीर्ष टिकू शकते. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटकांना खोल्या देणाऱ्याने नोंदणी करणे तसेही आवश्यक आहे. ती नोंदणी नाही, नोकराच्या पगाराच्या नोंदी नाहीत, खर्चाची बिले नाहीत आणि विवरणपत्रात मात्र व्यवसाय, अशी स्थिती आकारणी अधिकाऱ्यासमोर टिकणे कठीण.

याहून महत्त्वाची गोष्ट घर विकण्याच्या दिवशी समोर येते आणि एजंटाच्या कागदावर ती कधीच नसते. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेले घर विकले की दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, आणि तो नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर कलम ५४ खाली तोही माफ होऊ शकतो. पण कलम ५४ ची एक अट आहे, जी वाचताना सहज नजरेआड होते : विकलेले घर असे हवे की ज्याचे उत्पन्न घरमालमत्ता या शीर्षाखाली करपात्र आहे. व्यवसायाचे शीर्ष घेतले की या सवलतीचा पायाच डळमळतो. शिवाय व्यवसायातील इमारतीवर घसारा धरावाच लागतो, ‘आम्ही घसारा घेत नाही’ असे म्हणण्याची सोय कायद्यात नाही. आणि घसारा घेतलेली इमारत विकल्यावर होणारा नफा, ती कितीही वर्षे जवळ असली तरी, अल्पकालीन समजला जातो.

८० लाखांचे घर सात-आठ वर्षांनी १ कोटी ३० लाखांना विकले असे समजा. घरमालमत्तेच्या मार्गाने नफा ५० लाख, कर सव्वासहा लाख, आणि नवे घर घेतल्यास तोही शून्यावर येऊ शकतो. व्यवसायाच्या मार्गाने, दरसाल अगदी ५ टक्केच घसारा धरला तरी, सात वर्षांनी पुस्तकी किंमत सुमारे ५६ लाख उरते, नफा ७४ लाख होतो आणि तो आपल्या नेहमीच्या ३० टक्क्यांच्या दराने गेला तर कर २२ लाखांच्या घरात पोहोचतो. अधिभार आणि उपकर दोन्हीकडे वेगळे. मधल्या वर्षांत घसाऱ्याने वाचलेला किंवा साठून राहिलेल्या घसाऱ्यामुळे विक्रीच्या वर्षी वाचणारा कर यातून वजा करा, तरी पारडे कुठे झुकते ते दिसते. व्यवसायाच्या मार्गात नफा ठरावीक रोख्यांत गुंतवून कर वाचवण्याची वाट काही प्रमाणात उघडी राहते : २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातीलच एका कंपनीच्या प्रकरणात असे मान्य केले की, घसारा घेतलेली पण दीर्घकाळ धारण केलेली मालमत्ता रोख्यांतील गुंतवणुकीच्या सवलतीला मुकत नाही. पण कलम ५४ ईसी च्या रोख्यांना ५० लाखांची मर्यादा आहे आणि पाच वर्षे पैसे अडकतात.

आता कर्ज. वाकडसाठी कर्ज काढले आणि वर्षाचे व्याज ३,४०,००० झाले, तर भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला स्वतंत्र मर्यादा नाही. १,९७,४०० मधून ते वजा होऊन १,४२,६०० चा तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वळता होतो आणि त्यावर उरला तर आठ वर्षे पुढे नेऊन घरभाड्यातून वजा करता येतो. नव्या करप्रणालीत तो पगारातून वळता होत नाही, आणि पुढच्या वर्षांसाठी तो हाताशी राहील असेही धरून चालू नये. व्यवसायाचा तोटा तर कोणत्याही प्रणालीत पगारातून वजा होत नाही. ‘कर्ज काढा, व्याज दाखवा, पगारावरचा कर वाचवा’ हा सल्ला आजही ऐकू येतो. नव्या प्रणालीत असलेल्या नोकरदाराला त्याचा उपयोग नाही. दोघांची नावे खरेदीखतात आणि कर्जात असतील आणि हिस्से स्पष्ट लिहिलेले असतील, तर उत्पन्न आणि व्याज दोन्ही त्या हिश्शांत वाटले जाईल, एवढे मात्र पाहून घ्या.

माझे मत विचाराल तर, दोघेही पुण्यात नोकरीला असताना आणि पाहुण्यांकडे लक्ष द्यायला घरचे कोणी गोव्यात नसताना, केवळ उत्पन्नाच्या आकड्याकडे पाहून शिवोलीचा विचार करू नये. वर्षातले दोन महिने आपण स्वतः तिथे राहणार असाल तर ती वेगळी गोष्ट, पण मग ती गुंतवणूक कमी आणि हौस अधिक.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमच्या राहत्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. राहणे, सकाळचे घावणे-चटणी, दुपारचे माशांचे जेवण सगळे घरचेच. वर्षाला सुमारे ९ लाख जमा होतात, त्यांतले ७ लाख बँकेतून आणि बाकी रोख. आमचे सल्लागार म्हणतात की ६ टक्के नफा दाखवला की झाले. ते बरोबर आहे का? आणि जीएसटीची नोंदणी करावी लागेल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपले प्रकरण वरच्या दांपत्याच्या नेमके उलट आहे. मालक त्याच घरात राहतो, जेवण वाढतो, खोल्या रोज झाडल्या जातात. हा पाहुणचाराचा व्यवसाय आहे याविषयी वाद होण्याचे कारण नाही. त्यामुळे कलम ४४ एडी ची अनुमानित आकारणी, म्हणजे खर्चाचा तपशील न देता जमेच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानण्याची सोय, आपल्याला खुली आहे. तीत बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के आणि रोख जमेवर ८ टक्के, म्हणजे ४२,००० अधिक १६,००० मिळून ५८,०००, हा किमान नफा.

‘किमान’ हा शब्द येथे दुर्लक्षिला जातो. कायदा सांगतो की एवढा किंवा प्रत्यक्ष मिळवलेला त्याहून अधिक नफा दाखवावा. ९ लाखांच्या जमेवर घरच्या माणसांनी चालवलेल्या दोन खोल्यांत वर्षाला ५८ हजारच सुटतात, यावर मासे पुरवणाऱ्याचाही विश्वास बसणार नाही. शिवाय आता बारा लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर निवासी व्यक्तीला नव्या प्रणालीत करसवलतीमुळे कर येतच नाही. आपले दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर साडेतीन-चार लाखांचा खरा नफा दाखवूनही कर शून्यच राहील, आणि उद्या खोल्या वाढवण्यासाठी बँकेकडे कर्ज मागायला गेलात तर तोच आकडा उपयोगी पडेल. ६ टक्क्यांचा हट्ट इथे कशासाठी, ते मला कळत नाही.

ज्या संकेतस्थळावरून बुकिंग येते, ते आपल्या एकूण रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापते. पॅन किंवा आधार दिलेले असेल आणि त्या संकेतस्थळावरून वर्षाची जमा ५ लाखांच्या आत असेल तर व्यक्तीच्या बाबतीत तोही कापला जात नाही. एक बारीक गोष्ट पाहून घ्या. आयकर खात्याच्या नोंदीत पाहुण्याने दिलेली पूर्ण रक्कम दिसते, तर आपल्या बँकेत कमिशन कापून उरलेली येते. समजा एका बुकिंगचे ५,००० झाले आणि खात्यात ४,२०० आले, तर जमेच्या बाजूला ५,०००च धरायला हवेत. ४,२०० धरले की नोंदी जुळत नाहीत आणि काही महिन्यांनी नोटीस येते.

जीएसटीची नोंदणी सेवांच्या बाबतीत वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे ९ लाखांवर ती नको. मात्र उलाढाल मोजताना एकाच पॅनवरच्या सगळ्या सेवा एकत्र धरतात. आपले कणकवलीला दुकान भाड्याने दिलेले असेल तर तेही त्यात येते, आणि घराचे करमुक्त भाडेसुद्धा बेरजेत धरले जाते. नोंदणी नसलेल्या घरमालकाचे बुकिंग संकेतस्थळावरून झाले तर जीएसटी ते संकेतस्थळच भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा दर ५ टक्के आहे, त्यावर १८. ओळखीतून, थेट फोनवर आलेल्या पाहुण्याकडून आपण जीएसटी घ्यायचा नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. बाणेरचा फ्लॅट महिना ४० हजारांनी भाड्याने दिला आहे. भारतात दुसरे उत्पन्न नाही. आता भाडेकरू म्हणतो की तो दरमहा १२,४८० रुपये कापून घेणार. हे काय प्रकरण आहे? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : भाडेकरू सांगतो ते खरे आहे, आणि असा भाडेकरू मिळाला हे आपले भाग्य समजा. घरमालक अनिवासी असेल तर भाडे कितीही असो, भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. घरमालक भारतात राहणारा असेल तर हा प्रश्न महिना ५० हजारांच्या वर भाडे गेल्यावरच उद्भवतो आणि तेव्हाही व्यक्ती-भाडेकरूने कापायचे ते फक्त २ टक्के. अनिवासी मालकासाठी भाडेकरूला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो, दरमहा पैसे भरावे लागतात आणि तिमाही विवरणपत्र द्यावे लागते. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक भाडेकरूंना याची कल्पनाच नसते, आणि न कापलेल्या कराची जबाबदारी पुढे त्यांच्याच अंगावर येते.

आपला खरा कर किती, ते पाहा. वर्षाचे भाडे ४,८०,०००. घरपट्टी २० हजार धरली तर ४,६०,०००. ३० टक्के वजा करून ३,२२,०००. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे वर्षभरात कापलेले १,४९,७६० रुपये विवरणपत्र भरून पूर्णपणे परत मागायचे आहेत. बारा लाखांपर्यंतची जी सवलत सध्या सगळीकडे बोलली जाते ती मात्र निवासी व्यक्तींसाठी आहे, आपल्यासाठी नाही; एनआरओ खात्यावरील (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यावरील) व्याज धरून एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले तर त्या वरच्या भागावर कर द्यावा लागेल.

दरवर्षी दीड लाख अडकवून ठेवण्यापेक्षा कलम १९७ खाली कमी किंवा शून्य दराने कापण्याचे प्रमाणपत्र मागावे. ते आर्थिक वर्ष सुरू होतानाच मागितलेले बरे, कारण ते मिळेपर्यंतची कपात जुन्याच दराने होत राहते आणि प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते.

अमेरिकेच्या विवरणपत्रात हे भाडे दाखवावेच लागते, आणि तिकडे आपली ३० टक्क्यांची वजावट चालत नाही. तिथे प्रत्यक्ष खर्च धरतात आणि देशाबाहेरील राहत्या घराच्या इमारतीवर, ते २०१७ नंतर भाड्याने दिले असल्यास, ३० वर्षांत विभागलेला घसारा. हा घसारा आपण घेतला नाही तरी घर विकताना तो घेतल्याचे धरूनच नफा मोजतात, म्हणून तो सोडू नये. भारतात शेवटी जेवढा कर देणे लागतो तेवढ्याचेच श्रेय तिथे मिळते. कापून परत मिळालेल्या रकमेचे नव्हे. वर्षही वेगळे, आपले एप्रिल ते मार्च आणि त्यांचे जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे भाड्याची महिनावार नोंद ठेवल्याशिवाय दोन्हीकडचे हिशेब जुळत नाहीत.

प्रश्न : गिरगावातील आमची खोली १५ लाखांच्या हेवी डिपॉझिटवर दोन वर्षांसाठी दिली आहे. भाडे एक रुपयाही घेत नाही. भाडे नाही म्हणजे कर नाही, असे शेजारी म्हणतात. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : शेजारी अर्धेच बरोबर आहेत. डिपॉझिट परत करायचे असल्याने ते उत्पन्न नव्हे, आणि त्यावरचे काल्पनिक व्याज प्रत्यक्ष भाड्यात मिळवता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच मान्य केले आहे. पण घरमालमत्तेचे वार्षिक मूल्य केवळ मिळालेल्या भाड्यावर ठरत नाही. ती जागा वाजवीपणे किती भाड्याने जाऊ शकेल, हेही पाहिले जाते. २०१४ साली याच न्यायालयाने सांगितले की महापालिकेचे करपात्र मूल्य हा साधारण मापदंड असला, तरी मोठ्या डिपॉझिटच्या आडून भाडे मुद्दाम कमी दाखवल्याचा पुरावा असेल तर अधिकारी बाजारभावाकडे पाहू शकतो. म्हणून विवरणपत्रात ही जागा ‘भाड्याने दिलेली’ म्हणूनच दाखवा आणि वाजवी मूल्यावर, ३० टक्के वजा करून, कर भरा. ते १५ लाख मुदत ठेवीत ठेवले असतील तर त्यावरचे व्याज वेगळे करपात्र आहेच.

गंमत अशी की, आयकराच्या दृष्टीने जे काल्पनिक व्याज धरत नाहीत ते मुद्रांक शुल्काला चालते. लिव्ह अँड लायसन्स करारात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के शुल्क लावतात : १५ लाखांचे दोन वर्षांचे ३ लाख, त्यावर ७५० रुपये. एवढ्याशा रकमेसाठी करार नोटरीवर भागवू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरण्याकडे कायद्याचा कल आहे. १५ लाखांच्या व्यवहारात ही जोखीम कोणी घेऊ नये. ती रक्कमही बँकेतूनच घ्या आणि बँकेतूनच परत करा.

प्रश्न : आम्ही मूळचे म्हापशाचे. घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे आणि भाडेही माझ्याच खात्यात येते. सीए म्हणतो की निम्मे भाडे पत्नीच्या विवरणपत्रात दाखवायला हवे. (एक वाचक, गोवा)

उत्तर : आपले सीए बरोबर सांगतात. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेतील सामाईक मालमत्तेची पद्धत ज्या पती-पत्नींना लागू आहे, त्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न कलम ५ ए प्रमाणे दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते, कागद कोणाच्याही नावावर असो. विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यात पत्नीचा पॅन द्यावा लागतो. भाडेकरूने टीडीएस कापला असेल तर त्याचे श्रेयही याच हिशेबात पाहावे. लग्नापूर्वी आपण वेगळा करार करून मालमत्ता स्वतंत्र ठेवली असेल तर मात्र हा नियम लागत नाही. येथे पुण्या-मुंबईच्या वाचकांचा एक गैरसमजही दूर करतो : गोव्यात घर विकत घेतल्याने कोणाला हे कलम लागू होत नाही, ते त्या विवाहपद्धतीशी बांधलेले आहे.

प्रश्न : आमचा फ्लॅट एका कंपनीला तिच्या कर्मचाऱ्याच्या राहण्यासाठी महिना ६० हजारांनी द्यायचा आहे. जीएसटी आम्हाला भरावा लागेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. १८ जुलै २०२२ पासून नोंदणीकृत कंपनीने राहते घर भाड्याने घेतले तर १८ टक्के जीएसटी ती कंपनीच थेट सरकारकडे भरते. आयकराचा टीडीएस मात्र ती १० टक्क्यांनी, म्हणजे महिना ६ हजार, आपल्या भाड्यातून कापेल. करारात भाडे ‘जीएसटी वगळून’ असे लिहून घ्या; ते लिहिले नाही की भाडे ठरवताना तो बोजा आपल्याकडे सरकवण्याचा प्रयत्न होतो.

प्रश्न : मी ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, पत्नी गृहिणी आहे. घर तिच्या नावावर घेतले तर भाडे तिचे धरून कर वाचेल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पैसे आपले असतील तर वाचणार नाही. आपले घर मोबदल्याशिवाय पत्नीला दिले तर आपणच मालक समजले जाता, आणि तिला पैसे भेट देऊन तिने घर घेतले तर भाडे आपल्याच उत्पन्नात मिळवले जाते. तिचे स्त्रीधन, माहेरून मिळालेली रक्कम किंवा तिच्या स्वतःच्या ठेवी जेवढ्या प्रमाणात लागल्या असतील, तेवढ्या प्रमाणात भाडे तिचे. उरलेली रक्कम आपण तिला वाजवी व्याजाने कर्ज म्हणून देऊ शकता, पण मग ते लेखी असावे, बँकेतून जावे, व्याज ती खरोखर भाड्यातून आपल्याला देत राहावी आणि आपण ते आपल्या विवरणपत्रात दाखवावे. दागिने मोडून पैसे उभे करणार असाल तर सराफाची खरेदीपावती तिच्याच नावाची असल्याचे व्यवहारापूर्वी पाहून घ्या.